वहिनींची केस

"ही बघा, माझी केस."

वहिनी म्हणाल्या आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. दुबईत अल मनखूलमधला त्यांचा मोठा फ्लॅट, हॉलभर काळ्या साड्या, हलव्याचे दागिने, एसी इतका की हात गारठले होते. आमच्यात हळदीकुंकू करत नाहीत. तरी गेले होते. वहिनी म्हणजे माझ्या नवऱ्याच्या जनरल मॅनेजरची बायको. बोलावल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. कपाळ पुढं केलं, कुंकू लावून घेतलं.

"आली तेव्हा तोंडातून शब्द फुटत नव्हता हिच्या. आता बघा, कशी नटून आलीये."

बायका हसल्या. कौतुकानंच हसल्या. एकीनं विचारलं, "पण झालं काय होतं?"

वहिनींनी आवाज खाली आणला, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकाच. "डिप्रेशन. अहो, इतक्या खालून एकदम इतकं वर आलं की झेपत नाही माणसाला. उंच डोंगरावर गेलं की हवा विरळ होते ना, तसं. हिचं बालपण ऐकलंत तर घास उतरणार नाही घशाखाली." मग माझ्याकडे वळल्या. "सांग ना गं. ते पाण्याचं सांग."

आणि मी सांगितलं.

अकोल्याजवळच्या आमच्या गावात आईला विहिरीच्या काठावर कसं थांबावं लागायचं, वरून कसं ओतायचे, अर्धं पाणी मातीत कसं जायचं. शाळेत पाठ केलेली कविता म्हणावी तसं सांगितलं. एक बाई "अरेरे" म्हणाली. एकीनं डोळ्याला पदर लावला. तिच्या शेजारची म्हणाली, "गुळाच्या पोळ्या कुणी केल्यात? खुसखुशीत झाल्यात अगदी."

मी तिथंच बसून राहिले. पोळी खाल्ली. वाण घेतलं. घरी आले.

त्या घरात मी पोचले कशी, ते सांगते.

मी बीएस्सी, बीएड. लग्नाआधी अकोल्यात शाळेत शिकवत होते. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवऱ्याला शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये पाइपच्या फॅक्टरीत स्टोअरचं काम मिळालं आणि आम्ही इकडे दुबईत आलो. मी नवऱ्याच्या व्हिसावर. नोकरी नाही. मुलगी शाळेत, नवरा फॅक्टरीत, मी चार भिंतींत. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग काय झालं ते मला आजही धड सांगता येत नाही. कुणी मेलं नव्हतं. कुणी मारत नव्हतं. एक दिवस भांडी घासायला नळ सोडला आणि नुसती उभी राहिले. पाणी वाहत होतं, मी बघत होते. हात उचलत नव्हता. पुढं पुढं अंघोळही जड झाली. पडदे लावून पडायचे. रडूही यायचं नाही. रडू आलं असतं तर निदान काहीतरी आहे असं वाटलं असतं.

एकदा मुलीची स्कूल बस आली आणि मी खाली गेलेच नाही. हॉर्न ऐकू येत होता. दुसऱ्या कुणाच्या तरी आईसाठी वाजतोय असं वाटत होतं. बिल्डिंगचा वॉचमन, पठाण म्हातारा, तिला हाताला धरून वर घेऊन आला. पण माझ्याकडे बघितलं ते असं, की मी दार लावून दाराशीच खाली बसले.

क्लिनिकमधल्या मल्याळी डॉक्टरबाईनं रक्त तपासलं. म्हणाली, "बॉडी में कुछ नहीं है. आप काउन्सेलर को दिखाओ."

काउन्सेलर! मीच आधी नाही म्हटलं. वेड्यांच्या डॉक्टरकडे जायला मला काय धाड भरली होती? माझ्या आईबापानं जे सोसलं त्याच्या पासंगालाही माझं दुखणं पुरत नव्हतं. दादा, माझा थोरला भाऊ, बँकेत आहे, अकोल्यात चळवळीत आहे. तो भाषणात नेहमी म्हणायचा, आपण लढणारी माणसं, असली नाजूक दुखणी पोट भरलेल्यांची. मी टाळ्या वाजवल्या होत्या त्याला. आता एसीच्या घरात, भरल्या फ्रिजशेजारी मला उठता येत नव्हतं. कुठल्या तोंडानं सांगणार होते?

नवरा वेगळ्याच गोष्टीला भ्याला होता. "रेकॉर्डवर आलं तर? व्हिसा रिन्यू करताना मेडिकल असतं. कंपनीला कळलं तर?" तसं काही असतं का, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. पण भीतीला माहिती लागत नाही. त्यानं साहेबांना सांगितलं, साहेबांनी घरी सांगितलं. वहिनींचा फोन आला. त्यांनी पुण्यात कॉलेजात सायकॉलॉजी घेतलं होतं. "बाहेर कुठं जाऊ नका हो. आपल्यातल्या गोष्टी आपल्यात राहिलेल्या बऱ्या. दर मंगळवारी माझ्याकडे यायचं."

'आपल्यात.' तो शब्द ऐकून मला बरं वाटलं होतं. किती बरं वाटलं होतं!

मंगळवारी चहा व्हायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी आडनाव दोनदा विचारलं. मग गावातलं घर कुठल्या बाजूला, ते विचारलं. कळलं त्यांना. चेहरा हलला नाही, पण आवाज बदलला. लहान मुलाशी बोलतात तसा झाला, आणि 'अहो'वरून 'अगं'वर आल्या. मी नळासमोर उभी राहते, मला झोप येत नाही, मुलगी हाक मारते ती लांबून ऐकू येते, असं काही सांगायला लागले की त्या घड्याळाकडे बघायच्या. वस्तीचं काही निघालं की पुढं सरकून बसायच्या. "मग? वरून ओतायचे? हात लागू नये म्हणून? आणि आई काय करायची?" माझं दुखणं त्यांना नको होतं. त्यांना वस्ती हवी होती. चहाबरोबर.

घरी परतताना मला आणखी रिकामं वाटायचं. पण मी जात राहिले. वाटायचं, औषध कडूच असतं.

हळदीकुंकवानंतरच्या आठवड्यात मुलगी शाळेतून आली. दप्तर न काढताच उभी राहिली.

"ममा, व्हॉट इज अ केस?"

"का गं?"

"बसमध्ये एक मुलगी म्हणाली, युअर मॉम इज माय आंटीज केस. शी सेड यू पीपल वेअर व्हेरी डर्टी बिफोर." मग हळूच म्हणाली, "वेअर वी डर्टी, ममा?"

सात वर्षांची पोर. दुबईच्या पिवळ्या बसमध्ये, एसीत, टाय लावून बसलेली. तिला अकोला दोन सुट्ट्यांपुरतं माहीत. आणि विहिरीवरचं ते पाणी तिच्यापर्यंत मीच आणून पोचवलं होतं. नाही. मी नाही. ते माझ्याकडून काढून घेतलं होतं, वाटलं होतं, तिळगूळ वाटतात तसं.

कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला राग आला. बरं वाटलं.

मंगळवारी सकाळी वहिनींचा फोन. "आज जरा लवकर ये हं. मुंबईची माझी मैत्रीण आलीये, ती मासिकात लिहिते. तिला तुझ्या तोंडून ऐकायचंय सगळं. नाव नाही घालणार ती, काळजी करू नकोस."

"मी येणार नाही."

"बरं नाहीये का? मग उद्या ये."

"उद्याही नाही. कधीच नाही."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठी..."

"वहिनी, मी आजारी आहे. आजारी माणसाला बायकांच्या घोळक्यात उभं करून गोष्टी सांगायला लावत नाहीत. तुम्ही डॉक्टर नाही. आणि मी तुमची केस नाही."

मग त्या म्हणाल्या, "तुझ्या मिस्टरांना साहेबांनी कुठून कुठं आणलंय, ते विसरू नकोस."

आवाज पुन्हा बदलला होता. हा खरा होता.

नवरा संध्याकाळी आला तो पांढरा पडलेला. "यल्ला, खलास. बांधा सामान. चार शब्द ऐकून घेतले असते तर काय झिजली असतीस?"

"झिजलेच होते," मी म्हटलं. "उरलेली देणार नाही."

नोकरी गेली नाही. त्याला स्टोअरच्या ऑफिसातून काढून बाहेर यार्डात घातलं, उन्हात, पाइपांच्या ढिगात. दोन उन्हाळे तो करपत होता. मराठी मंडळातल्या बायकांचे फोन बंद झाले. लुलू सुपरमार्केटात नाहीतर भाजीच्या दुकानात कुणी मराठी बाई दिसली की ती दुसऱ्या रांगेत वळायची. नवरा कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. पण ज्या दिवशी मी म्हटलं, "मी काउन्सेलरकडे चालले," त्या दिवशी त्यानं गाडीची चावी घेतली. मला सोडलं. आत आला नाही. खाली गाडीत बसून राहिला.

काउन्सेलर हैदराबादची होती. थकलेली बाई, डोळ्यांखाली काळं. मी खुर्चीच्या टोकावर बसले, पर्स मांडीवर घट्ट धरून. मनात पक्कं केलं होतं, हिला काही द्यायचं नाही. तिनं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. विचारलं, "नींद कैसी है?"

इतका साधा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता.

तिसऱ्या-चौथ्या वेळी मीच जातीचं काढलं. मुद्दाम. तिचे डोळे चमकतात का ते बघायला. ती म्हणाली, "मुझे इसका पूरा इल्म नहीं है. आप समझाइए. मैं ग़लत बोलूँ तो टोक दीजिए." मी समजावलं. दोनदा टोकलं. तिनं ऐकून घेतलं.

एकदा तिनं विचारलं, "खानदान में और किसी को था?"

"नहीं," मी म्हटलं. ताडकन.

आणि परतताना गाडीत मला आई दिसली. कापसाच्या जिनिंगमध्ये काम करणारी माझी आई, भिंतीकडे तोंड करून पडलेली. दिवसचे दिवस. चूल थंड. बाप ओरडायचा, ऊठ. मुकादम कामचुकार म्हणायचा. ज्यांच्या शेतात ती निंदायला जायची त्या बाया म्हणायच्या, नाटकं करते. शेवटी वस्तीतल्यांनीच भगत आणला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली, कडुलिंबाच्या डहाळीनं झोडपलं. आई खोकत होती, पण उठत नव्हती. मी दारात उभी होते. लहान होते. मलाही तिचा रागच आला होता.

तिला कुणी विचारलं नाही, झोप येते का म्हणून. तशीच गेली.

मी गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून मोठ्यानं रडले. नवरा बाजूला उभा राहिला. लोक बघत होते. बघू दिलं.

गोळ्या सुरू झाल्या. अजून चालू आहेत. मी काही बरी होऊन नाचायला लागले नाही. काही दिवस उठते, काही दिवस उठवत नाही.

दादाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो उखडला. "तुले काय कमी हाय व तिथं? आपल्या लोकाईत असलं काही नसते. आन् मायले कायले मधात आणतं? तिले बाहेरचं झालं होतं."

"तिला बाहेरचं झालं नव्हतं, दादा. ती आजारी होती. आपण तिला मिरच्यांच्या धुरात कोंडलं."

"हे कोनापाशी बोलू नको. लोक हासतीन. आपल्या चळवळीले हासतीन."

"मी बोलणार आहे. वहिनींसारख्यांना हवं म्हणून नाही, आणि तुला नको म्हणून गप्पही नाही. सुट्टीत येते तेव्हा वस्तीतल्या बायांना बसवून सांगणार आहे. आईचं नाव घेऊन. भिंतीकडे तोंड करून पडलेली कुणी ना कुणी तिथं आजही असेल. तिला दवाखान्यात मी नेणार. भगताच्या आधी."

त्यानं फोन आपटला.

तिकिटं काढलीत. मे महिन्यात जातेय.