बू तुमिराहचा बुधवार

बू तुमिराह आमच्या संग्रहालयाच्या कमानीखाली जामू, म्हणजे औषधी काढा, विकतात. हळद-चिंचेचा, तांदूळ-आल्याचा. बाटल्यांची टोपली कापडानं पाठीला बांधून सकाळीच येतात. त्यांची आईही इथेच बसायची. तेव्हा ही डच जहाज कंपनीची कचेरी होती आणि कारकून मागच्या फाटकातून पेले घेऊन जायचे. आता आत नव्या कलाकारांची कामं मांडतात. मी दारावर असते. बुधवारी फुकट असतं, या की, असं मी कितीदा म्हटलं. तुमिराहबाई म्हणायच्या, घरच्या भिंती बघून झाल्या की येईन.

एका बुधवारी भरतीचं पाणी रस्त्यावर चढलं. समुद्रकाठच्या आमच्या सेमारांग शहराला ते नवं नाही, पण त्या दिवशी पार पायऱ्यांना लागलं. मी टोपलीला हात लावून बाईंना आत घेतलं. चपला हातात, सारोंग गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

पहिल्या दालनात छतापासून जुनी कोळ्यांची जाळी टांगलेली होती, पंख्याच्या वाऱ्यावर हलणारी. विकायची आहेत का, बाईंनी विचारलं. दुसऱ्या खोलीत कुणा स्त्रीच्या नुसत्या श्वासाचा आवाज. "आजारी आहे का ही?" म्हणत त्या लगेच बाहेर आल्या. तिसऱ्या खोलीत एक बाक आणि जुन्या रंगीत काचांतून फरशीवर पडलेलं ऊन, बस. तिथे बाई बसल्या. निळा तुकडा सरकत सरकत त्यांच्या पायांवर आला तरी उठेनात. मीही उठवलं नाही.

पाणी ओसरल्यावर पार्किंगवाल्या पाक कास्नोंनी विचारलं, एवढा वेळ काय बघत होता?

"ऊन," बाई म्हणाल्या.

"ते बाहेर कमी पडतं का?"

"बघायचं तर स्वतः जा. मी काय पुडीत बांधून आणू?"

तेव्हापासून दर बुधवारी बाई धंदा लवकर आटोपतात. गिऱ्हाइकांनाही ठाऊक झालंय. ती उन्हाची खोली बदलली तेव्हा रुसल्या होत्या. मग मातीच्या घंटा आल्या, त्या आवडल्या. गेल्या महिन्यात कास्नोंना ओढूनच आणलं. गळ्यात शिट्टी तशीच ठेवून ते सगळीकडे फिरले, घंटांखाली बराच वेळ थांबले.

"गार आहे आत. बरं वाटलं," बाहेर येऊन म्हणाले.

"एवढंच?"

"एवढंच. पुढच्या बुधवारी काय लावणार आहेत?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. "मलाही अजून सांगितलेलं नाही," मी म्हटलं. बाईंनी तळाशी उरलेला आल्याचा जामू तीन पेल्यांत सारखा ओतला, आणि आम्ही कमानीखाली उभ्यानंच प्यायलो.