तिच्या तोंडाचा फोटो

दातांच्या डॉक्टरांनाही शाळा असते, हे मला बायको गेल्यावर कळलं. डॉक्टर झाले, पाटी लावली, दवाखाना चालू झाला, तरी अधूनमधून कुठल्या तरी हॉलमध्ये बसून नवीन शिकावं लागतं, नाहीतर म्हणे पुढची नोंदणी अडते. मी चौथी शिकलेला. मला वाटायचं, शाळा माझ्यासारख्यांचीच अर्धी राहते.

कर्जतच्या ज्या डॉक्टरीण बाईंकडे आम्ही जायचो, त्या एक दिवस घरी आल्या. चहाला हात लावला नाही. म्हणाल्या, "काका, रविवारी खालापूरला आमचा वर्ग आहे. आजूबाजूचे सगळे दातांचे डॉक्टर येणार. काकूंच्या तोंडाचा फोटो माझ्याकडे आहे. तो दाखवू का? नाव नाही, चेहरा नाही. नुसतं तोंड."

"कशाला?"

"मी कुठे चुकले ते त्यांना कळावं म्हणून."

कुठे चुकल्या ते सांगतो. हिची खालची दाढ हलायला लागली म्हणून आम्ही दोघं गेलो. बाईंनी विचारलं, "काकू, तंबाखू खाता का?" ही म्हणाली, "नाय गं बाय." मी शेजारीच होतो, मीही मान हलवली. खरंच खात नव्हती. तंबाखू खातात गडी. ही तव्यावर भाजलेली मशेरी सकाळी बोटाने दातांना लावायची. तिच्या आईने लावली, माझ्या आईने लावली, आमच्या आळीतल्या बाया अजून मागच्या दारी बसून लावतात, एकमेकींना चिमूट देतात. ते दात घासणं. आता ती पूड तंबाखूचीच, हे काय आम्हाला माहीत नव्हतं? पण त्याला खाणं कोण म्हणतो? बाईंनी दाढ काढली. जखम भरेना. परत गेलो, गुळण्या दिल्या. परत गेलो, गोळ्या दिल्या. शेवटी बाईंचा चेहरा उतरला, त्यांनी फोटो काढला आणि मुंबईला कॅन्सरच्या दवाखान्यात धाडलं. पुढचं लिहीत नाही.

दिवसकार्याला आलेला जो तो एकच बोलून गेला, "जरा आधी न्यायला पाहिजे होती." आम्ही आधीच नेली होती. ते एकदा डॉक्टरांच्या तोंडून, डॉक्टरांसमोर निघायला हवं होतं. बाकी मला काही नको होतं. मी बाईंना म्हटलं, "दाखवा. पन मी पुढ्यात बसनार."

हे पळसदरीला मेव्हण्याच्या कानावर गेलं. हिचा धाकटा भाऊ. आमच्या ओट्यावर येऊन उभ्या उभ्याच सुरू झाला.

"दाजी, डोकं फिरलं काय तुमचं? जी बाई कधी सासऱ्यापुढं तोंडाला पदर लावल्याबिगर हसली नाय, तिचं तोंड भिंतीवर दाखवनार? शंभर मानसांना?"

"शंभर नसतील रं. हॉल तेवढा मोठा नाय."

"मस्करी नका करू. त्या डॉक्टरनीवर केस टाकायची सोडून तिला हार घालताय."

"हार नाय घालत. माफ बी नाय केलं. पन ती चारचौघांत 'मी चुकले' म्हनायला तयार हाय. तू आयुष्यात कधी म्हनलास?"

तो लाल झाला. "मंग तुमची पायरी नाय चढनार मी."

"नको चढूस. झिजायची वाचंल."

रविवारी धुतलेला सदरा घातला, टोपी घातली आणि गेलो. हॉलमध्ये नुसता गारठा. मी पहिल्याच रांगेत बसलो. शिकवायला मुंबईचे एक मोठे सर होते; बाईंनी फोटो त्यांच्याकडे दिलेला, स्वतः मागून बोलणार होत्या. त्यांनी बटण दाबलं आणि भिंतीवर हिचं तोंड आलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मी ते आतून कधी बघितलं नव्हतं. जखमेकडे बघवेना. दात मात्र ओळखले. काळे, पण एका रेषेत.

सर म्हणाले, "ही नेहमीची केस. गावाकडचे पेशंट हॅबिट लपवतात आणि लेट येतात."

मी उभा राहिलो. "ओ सर. लपवलं नाय आन् लेट बी नाय."

सर हसले. "आजोबा, प्रश्न शेवटी घेऊ."

"माझा प्रश्न नाय. ती माझी बायको हाय."

मग मागून आमच्या बाई उठल्या. "सर, त्या वेळेवर आल्या होत्या. मी तंबाखू विचारली, मशेरी विचारली नाही. त्या नाही म्हणाल्या आणि मी दाढेपलीकडे काही बघितलंच नाही. गाल नाही, जीभ नाही. उशीर त्यांचा नाही, माझा."

सर माझ्याजवळ आले. "सॉरी, आजोबा."

"ते ऱ्हाऊ द्या. तिथं भिंतीवर काय लिवलंय?" मला इंग्रजी येत नाही. शेजारची मुलगी, तीही डॉक्टरच, हळूच म्हणाली, "पेशंट उशिरा आली, असं."

"काढा ते."

"हो, नंतर बदलतो."

"आत्ता. मी उभाच हाय."

सर मशीनपाशी गेले. एकेक अक्षर पुसलं गेलं. सगळी ओळ जाईपर्यंत मी बसलो नाही. मागे कुणीतरी शेजाऱ्याला म्हणत होता, "अरे, माझी आई लावते मशेरी. मी डॉक्टर होऊन तिचं तोंड कधी बघितलं नाही." तो फोन घेऊन बाहेर गेला.

संध्याकाळी मेव्हण्याचा फोन. पायरी चढणार नव्हता, फोन चालत होता.

"दाखवलंत ना शेवटी?"

"दाखवलं. पुढचा वर्ग पनवेलला हाय. तिथं बी दाखवनार. मी बी जानार."

"लोक काय म्हनतील, दाजी?"

"वेळेवर आलती म्हनतील. तेच म्हनायला लावतोय मी त्यांना."

त्याने फोन ठेवला. ठेवू दे.