नाव न घेण्याची मुभा

अंबडच्या एका कॉलेजात एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला मी इंग्रजी शिकवते. अभ्यासक्रम बदलला आणि माझ्या वाट्याला ऑस्ट्रेलियातल्या मूळ रहिवाशांच्या, म्हणजे अ‍ॅबोरिजिनल लेखकांच्या कथांचा पेपर आला, तेव्हा मलाच धडकी भरली. मुलांना ऑस्ट्रेलिया ठाऊक होता तो क्रिकेटमुळे. बाजारात या पेपरचं गाइडसुद्धा आलेलं नव्हतं.

पहिल्या कथेत नदीच बोलत होती. माणसं यायला बरीच पानं जावी लागत होती. "मॅडम, ह्याच्यात हिरो कोणंय?" मंठ्याहून येणाऱ्या एकानं विचारलं. मी म्हटलं, "जमीन समज." वर्ग हसला, मीही हसले; पण त्या उत्तरावर माझाच पुरता भरवसा नव्हता. दुसऱ्या कथेत सरकारी माणसं गाडी घेऊन येतात आणि गोऱ्यांच्या वळणावर वाढवायची म्हणून आयांजवळून मुलं घेऊन जातात. तिथं मात्र कुणी हसलं नाही.

त्याच तासाला मी पुस्तकाच्या सुरुवातीची सूचना वाचून दाखवली. या पुस्तकात वारलेल्या माणसांची नावं आली आहेत, आपल्या समाजातल्या वाचकांनी ते ध्यानात घ्यावं, अशा अर्थाची. मी समजावून सांगितलं, की तिथल्या कितीतरी समाजांत माणूस गेला की काही काळ त्याचं नाव उच्चारत नाहीत. त्याच नावाचं दुसरं कुणी असलं, तर त्यालाही तेवढ्यापुरती वेगळ्या नावानं हाक मारतात.

खिडकीजवळची एक मुलगी उठली, पुस्तक पिशवीत टाकलं आणि न विचारता वर्गाबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. फोन बंद. शेवटी तिच्या मैत्रिणीला गाठलं, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅडम, तिचा लहान भाऊ वारला ना उन्हाळ्यात. विहिरीवर पोहायला गेल्ता. घरात त्याचं नाव कुणी काढत न्हाई."

वर्गात सगळ्यांत मन लावून वाचणारी तीच होती. तिच्या लग्नाचं बघतायत, हेही कानावर होतं. ती कॉलेज सोडणार, आणि त्याला निमित्त माझा तास झाला, असंच मी धरून चालले.

रविवारी त्या मैत्रिणीला सोबत घेऊन मी एस.टी.नं निघाले. गाव कुंभार पिंपळगावच्या अलीकडे. घराला कडी होती. शेजारणीनं शेताकडे बोट दाखवलं. कापसाची वेचणी चालली होती. आम्हाला बघून ती मुलगी धावतच बांधावर आली.

"मॅडम, तुम्ही? काय झालं?"

"तेच विचारायला आलेय. येत का नाहीस?"

"मोबाईल बिघडलाय. अन् वेचणीला माणसं मिळेनात, म्हणून आईला मदत करून राह्यले."

"आणि त्या दिवशी उठून गेलीस ती?"

"रडू यायला लागलं. वर्गात कसं रडायचं? तशीच बस धरून घरी आले अन् आईला सगळं सांगितलं."

तेवढ्यात आई आली. कमरेची कापसानं भरलेली ओटी सोडून खाली ठेवली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमीच का त्या मॅडम?"

मी बोलणी खायची तयारी केली. ती बांधावर बसली, मलाही बसवलं.

"मॅडम, लेकरू गेलं तवापासून त्याचं नाव माझ्या तोंडातून निघत न्हाई. लोक म्हणत्यात, नाव घे, रड, मोकळी हो. नणंद म्हणली, हिला कुठंतरी दाखवा. डॉक्टरकडं नेऊन आणलं. मलाबी वाटाय लागलं, आपलं डोकं फिरलंय. अन् ही पोरगी येऊन सांगती, तिकडं लोकच्या लोक नाव घेत न्हाईत अन् त्येन्ला कुणी येडं म्हणत न्हाई. खरंय का?"

"हो, खरंय."

"पुस्तकात छापलंय?"

"अगदी सुरुवातीलाच."

तिनं मोठा श्वास सोडला. "मंग मी बराबर हाय," ती म्हणाली. मला नव्हे, लेकीला. लेकीनं मान हलवली.

आईनं पुन्हा मला विचारलं, "मंग ते लोक नाव पुन्हा कवा घेत्यात?"

याची मला पुरती माहिती नव्हती. जेवढं वाचलं होतं तेवढं सांगितलं. "सगळीकडं सारखं नसतं. घरची माणसंच ठरवतात."

"म्हंजी घाई न्हाई."

"घाई नाही."

मग ती आपणहून लेकाबद्दल बोलायला लागली. नाव न घेता, "ल्हानगा" म्हणत. एकदा घरात साठवलेल्या कापसात शिरून तो झोपला होता आणि सगळं गाव त्याला शोधत होतं, मग आतून शिंक आली. सांगताना ती हसली, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा हसली. मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. नंतर म्हणाली, उन्हाळ्यापासून आई त्याच्याबद्दल पहिल्यांदाच बोलली.

निघताना मी धीर करून लग्नाचं विचारलं. "परीक्षा झाल्याबिगर न्हाई," आई म्हणाली. "तिला अजून लई वाचायचंय अन् मला ऐकायचंय."

परतीच्या बसमध्ये मला गाढ झोप लागली. ताप उतरल्यावर लागते तशी. स्टँड आल्यावर मैत्रिणीनं हलवून उठवलं.

वेचणी आटोपली आणि ती मुलगी वर्गात आली. मी मुलं नेलेल्या आईच्या कथेवर बोलत होते. ती आई शेवटच्या पानांत एक शब्द बोलत नाही, म्हणून मी फळ्यावर लिहिलं होतं : हतबल.

"मॅडम," ती उभी राहिली, "ती गप्प आहे म्हणजे ती हरलीय, असं कुठं लिहिलंय?"

सगळ्यांनी पानं चाळली. कुठंच लिहिलेलं नव्हतं. मी तो शब्द पुसला आणि पुढचा उतारा तिलाच वाचायला सांगितला.