पिठातली अळी

दारच्या जास्वंदीला पिठासारखा पांढरा किडा लागलाय. त्याच्या गोड रसासाठी मुंग्या त्याला अगदी पोरासारखं राखतात. सकाळी धाकटीला खांद्यावर घेऊन मी बघत उभी होते, तर त्या पांढऱ्यात काहीतरी मोठं हललं. वाकून बघितलं तर अळी, अंगाला त्याच किड्यांचं पीठ फासलेली, नि एकेक किडा खात चाललेली. मला वाटायचं, अळ्या पानंच खातात. एक मुंगी आली, मिशांनी तिला चाचपलं, वास घेतला, आपल्यातलीच समजून पुढं गेली. अळी खातच राहिली.

मी धाकटीला घट्ट धरलं. आमच्या पहिल्या पोराला ताप आला तेव्हा सगळे म्हणाले, दात येतायत. मीपण त्याच्या हिरडीवरून बोट फिरवलं, टोक लागलं, जिवाला बरं वाटलं. दात खरंच येत होता, पण ताप त्याचा नव्हता. कळेपर्यंत पोर गेलं. घरच्याचंच रूप घेऊन आलेलं ओळखायचं तरी कसं?

आज धाकटीचं अंग तापलंय. सासूबाई म्हणाल्या, "दातांचंच असेल गं. लाळ बघ किती गळतेय."

"आई, त्याचीपण गळत होती."

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं, पदरानं डोळे पुसले. "चल, दवाखान्यात मीपण येते."

निघताना बघितलं, ती मुंगी अजून फांदीवर राखण करत फिरत होती. तिचं तरी काय चुकलं. वास तर घरचाच होता.