बटणांचा खर्च

शिवणकाम करून तीन मुली शिकवलेल्या मावशी आमच्या वृद्धाश्रमात आल्या, तेव्हा व्यवस्थापकाने दरपत्रक पुढे केलं. ‘कपडे घालायला मदत’ याचे दरमहा वेगळे पैसे होते.

“बोटं वाकत नाहीत, त्याचा दंड भरायचा?” म्हणत मावशींनी स्वतःच्या कपड्यांची बटणं उसवली, सोबत आणलेल्या मशीनवर आत वेल्क्रो शिवलं आणि वरून तीच बटणं शोभेला लावली. महिन्याभरात आमच्या अख्ख्या मजल्याचे शर्ट त्यांच्या मशीनवरून गेले. तो खर्च आम्ही सगळ्यांनी बंद केला.

आता व्यवस्थापक भांडायला येणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. तो आला, पण पिशवी घेऊन.

“वडिलांचे शर्ट आहेत,” तो म्हणाला. “मी बटणं लावून दिली की ते दिवसभर माझ्याशी बोलत नाहीत.”