चाळीस तारांची सांध

मला पहिली नोकरी मिळाली ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये, आणि पहिल्याच दिवशी मालकांनी मला फोनशेजारी बसवलं. सीताबर्डीवर चपलांच्या एका दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. समोरच्या खोलीत काउंटर, फोन, गणपतीचा फोटो आणि गिऱ्हाइकांसाठी तीन खुर्च्या. मागच्या खोलीत लांब टेबल, मीटर, सोल्डरिंगचा धूर आणि पोट उघडून पडलेली यंत्रं. मला त्या धुरात जायचं होतं. पॉलिटेक्निकमध्ये तीन वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकले ते काय "साहेब बाहेर गेलेत, संध्याकाळी फोन करा" एवढं म्हणायला? पण मालक मनाने फार चांगले होते, आणि चांगल्या माणसाशी भांडणं महाकठीण असतं. "देखो बेटा," ते म्हणायचे, "लडकी सामने बैठी हो तो दुकान अच्छी लगती है." मी मनात दात-ओठ खायचे आणि फोन उचलायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नागपुरात कॉम्प्युटर ही बूट बाहेर काढून बघायची वस्तू होती. मांडीवर घ्यायचा कॉम्प्युटर तर मी तोवर एकच पाहिला होता, आणि तो मांडीवर घेतला तर मांडी बधिर होईल इतका जड होता. विहिरींसाठी जमिनीतलं पाणी शोधून देणाऱ्या एका साहेबांचा तो होता. ते त्याला जीपमध्ये घालून उमरेड, मौद्याकडच्या गावांतून हिंडत. सगळी धूळ खाऊन शेवटी त्याची हार्ड डिस्क बसली. साहेब तो घेऊन आले नेमके अशा आठवड्यात, जेव्हा आमच्या मागच्या टेबलावरचा मेकॅनिक पुण्याला नोकरी मिळून निघून गेला होता. त्याच्या जागी मालकांच्या नात्यातला एक मुलगा सोमवारी येणार होता. साहेबांना यंत्र शनिवारी हवं होतं.

मी काउंटरवरूनच बोलून टाकलं, "सर, हे मी करते. शनिवारी चालू झालं तर मागचं टेबल माझं." मालक हसले. पण साहेब समोर बसलेले, त्यामुळे नाही म्हणणं त्यांना जमेना. "ठीक है," ते म्हणाले, "पण नाही झालं, तर परत मागच्या खोलीचं नाव काढायचं नाही." मी मान डोलावली.

दुखणं असं होतं. जुन्या डिस्कसारखी डिस्क आता बाजारातच नव्हती. मालकांनी मुंबईहून नवी मागवली, चाळीस एमबीची. आज चार फोटो काढले की तेवढी जागा भरते, पण तेव्हा आम्ही तिच्याकडे समुद्राकडे बघावं तसं बघत होतो. जुन्या यंत्राच्या चाळीस पिना होत्या आणि नव्या डिस्कच्याही चाळीसच. निरोपही तेच जायचे, फक्त कुठला निरोप कुठल्या पिनेतून जाणार याचा क्रम दोघांचा वेगळा होता. मध्ये एक दुभाषा बसवायला हवा, म्हणजे अडॅप्टर. तो नागपुरात मिळत नव्हता, म्हणून बनवायचा. भोकाभोकांची एक पाटी घ्यायची, तिच्यावर दोन बाजूंना दोन सॉकेट लावायचे आणि या सॉकेटची पिन त्या सॉकेटच्या योग्य पिनेला तारेने जोडायची. अशा चाळीस तारा.

नव्या डिस्कबरोबर पिनांचं छापील चित्र आलं होतं. जुन्या यंत्राचं चित्र मात्र कुणाकडेच नव्हतं. ते मी यंत्र उघडून, मागे बसून, मीटर लावून एक एक पिन शोधत स्वतः काढलं. त्यात बुधवार गेला. गुरुवारी तारा जोडल्या. शुक्रवारी दुपारी सगळं बसवून बटण दाबलं. डिस्कचा लाल दिवा लागला तो लागलाच. डिस्क नीट चालत असली की तो लुकलुकतो. आमचा ढिम्म जळत राहिला आणि पडद्यावर एक अक्षर येईना. मी चाळीसच्या चाळीस जोड मीटरने तपासले, दोनदा. माझ्या कागदाप्रमाणे सगळं बरोबर होतं. मालक दारातून डोकावले आणि चहा पाठवून दिला. त्या चहाचा मला भयंकर राग आला.

पाटी, कागद आणि सोल्डरिंगचं आयर्न पिशवीत घालून मी संध्याकाळी घरी आले. आम्ही विणकर. इतवारीच्या पलीकडे आमची वस्ती, आणि तेव्हा घरात एकच माग उरला होता. बाबा त्यावर काठाची लुगडी विणायचे. त्या संध्याकाळी आई मागामागे बसून सांध घालत होती. ज्यांनी माग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एक ताणा, म्हणजे मागावरचे सगळे उभे धागे, विणून संपत आला की त्याची शेपटं मागातच ठेवतात. नवा ताणा आणून त्याचा एक एक धागा जुन्या ताण्याच्या एक एक शेपटाला जोडतात. बोटाला चिमूटभर राख लावायची, दोन टोकं जुळवायची आणि पीळ द्यायचा. हजारो धागे. आईची बोटं इतकी भरभर चालत की नजर ठरत नसे. पुढे विणताना सांधेची ती पट्टी कापून टाकतात. आमच्याकडे त्या पट्टीने गरम भांडी उचलायचे. लुगडं बाजारात जायचं ते बाबांचं म्हणून.

"काहून वं, तोंड काहून उतरलं?" आईने मान वर न करता विचारलं.

"काही नाई."

"मले दाखव ते पिशवीतलं."

"आई, तुले त्यातलं काही समजणार नाई." हे मी बोलले. आज आठवलं तरी स्वतःच्या कानाखाली द्यावीशी वाटते.

तिने राखेचा हात पदराला पुसला आणि पाटी घेतली. तारांवरून बोट फिरवलं. मग दोन्ही कागद मागितले. तिला अक्षरओळख जेमतेम, पण चित्रातल्या ओळी तिने बरोबर ओळखल्या. एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे बोट नेत ती म्हणाली, "हे छापेल चित्र कुठून काढलं?"

"समोरून. सॉकेटकडे तोंड करून."

"अन् हे तुह्या हातचं?"

"यंत्राच्या मागं बसून."

आई जी हसायला लागली! बाबाही हातातलं काम थांबवून बघायला लागले. "अवं, मंग कसं जमंल? एक ताणा समोरून पाह्यला अन् एक मागून. डावा काठ उजव्या काठाले सांधून राहिली तू!"

मी दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. खरंच होतं. मागून बघितलं की डावं उजवीकडे जातं, हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण मी लहानपणापासून आईबरोबर मागामागे बसले होते. ती सांधायची आणि मी तिला एक एक शेपूट उचलून द्यायची. माझ्या डोळ्यांना मागची बाजू हीच खरी बाजू. दुसरा कुणीही माणूस मुकाट्याने यंत्रासमोर बसला असता आणि बरोबर चित्र काढून मोकळा झाला असता. ही चूक करायला विणकराच्याच घरात जन्मावं लागतं.

"सारं उपटा लागन आता," मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

"काहून उपटतं? लुगडं उलटं हातात आलं तं कोणी उसवते का? पालटवते." तिने पाटी हातातल्या हातात उलटी केली. "तो एक डबा या बाजूनं काढून त्या बाजूनं लाव. तारा आपल्या जाग्यावर येतीन."

मी सॉकेट पाटीच्या दुसऱ्या बाजूला धरून बघितलं. डावं डावीकडे आलं होतं. चाळीसही पिना आपापल्या जागी.

सॉकेट काढायचं म्हणजे त्याच्याकडची चाळीस टोकं सुटणार आणि परत जोडावी लागणार. शनिवारी सकाळी आम्ही दोघी दाराशी उजेडात बसलो. आयर्न घरातल्या एकुलत्या एका प्लगला लावलं, म्हणून बाबांचा रेडिओ बंद, आणि त्यांची कुरकुर चालू. मी आकडे मोजायला लागले तशी आईने दटावलं, "मोजू नोको. मोजलं का चुकते. शेजारचा पाहा अन् शेजारी लाव." ती एक एक तार उचलून भोकावर धरायची, मी आयर्न टेकवायची. चाळीस वेळा. अर्ध्यात कुठेतरी माझ्या लक्षात आलं की आज शेपूट उचलून देतेय ती आई आहे आणि सांधतेय ती मी. मी तसं बोलले नाही, कारण सांध घालताना आई बोलू देत नसे.

अकराला वर्कशॉप गाठलं. पाटी बसवली तेव्हा साहेब येऊन बसलेले होते आणि मालक त्यांच्याशी हवापाण्यावर बोलत होते. मी बटण दाबलं. लाल दिवा लागला. दिवा विझला. मग लागला, विझला, लागला आणि वेड्यासारखा लुकलुकायला लागला. पडद्यावर अक्षरं आली. मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या चपलांच्या दुकानातला माणूस वर बघायला आला.

मालकांनी पाटी बघितली. एक सॉकेट वर, एक खाली. "ये उल्टा-सीधा क्या बनाया है?"

"हमारे घर का तरीका है, सर," मी म्हणाले.

दुरुस्त केलेल्या प्रत्येक यंत्रात आम्ही एक बारीक चिठ्ठी चिकटवायचो, आणि तिच्यावर मेकॅनिकचं आद्याक्षर असे. मी दोन अक्षरं लिहिली आणि चिठ्ठी पाटीवरच चिकटवली. मालकांनी विचारलं नाही. सोमवारी त्यांच्या नात्यातला मुलगा आला तेव्हा ते त्याला म्हणाले, "तू फोन के पास बैठ." बिचारा छान दिसायचा काउंटरवर, दुकान खरंच चांगलं वाटायचं. मी त्या टेबलावर पुढे एकवीस वर्षं काम केलं.

त्या शनिवारी मी सांबारवडी बांधून घरी नेली. आई खूश झाली, पण वडीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, कमी आहे म्हणालीच.

तीन वर्षांनी साहेबांनी नवं यंत्र घेतलं आणि जुनं आमच्याकडे भंगारात टाकलं. मी त्यातली पाटी काढून घेतली, चिठ्ठीसकट, आणि घरी आईच्या हातात दिली. तोवर आमचा माग विकला गेला होता. आईने चष्मा लावला आणि एक एक तार नखाने ओढून बघितली, या काठापासून त्या काठापर्यंत. नंतर चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली. दोन अक्षरांपैकी एक तिचं आहे हे मी तिला सांगितलं.

"तीन वर्सं चालली?"

"हो. अजूनही चालली असती."

तिने पाटी पदराने पुसली. मग म्हणाली, "माही एवढी एकच सांध कोणी कापली नाई, वं."