काकाच्या घराच्या जागी तीन चिकू

"ह्यात विनूचं घर कुठाय?"

वाणगावची आत्या हे हळूच म्हणाली. आत्याचं हळूच म्हणजे पडवीतल्या शेवटच्या पानापर्यंत. आजोबांचं तेरावं होतं. पानं वाढून झाली होती, आणि भिंतीवर आजोबांच्या फोटोशेजारी मी काढलेलं आमच्या झाईच्या वाडीचं चित्र टांगलेलं होतं. तिथे ते टांगू नका, असं मी म्हटलं होतं. (मनात म्हटलं होतं. माझं बरंचसं बोलणं तिथेच होतं.)

आजोबांचा फोटो आधार कार्डावरून मोठा करून घेतला होता. त्यात ते पकडून आणल्यासारखे दिसत होते. म्हणून जरा शोभा यावी, असं पप्पांना वाटलं. हार एक जास्त आला होता, तो आत्याने चित्राला घातला. त्यामुळे आजोबांपाठोपाठ वाडीही गेली की काय, असं वाटत होतं.

चित्रं मी शिकले मोबाइलवर, आजोबांच्या खाटेशेजारी बसून. व्हिडिओतली बाई सांगायची, डोळे बारीक करा, बारकावे विसरा, नको असेल ते सोडून द्या. उरेल ती तुमची शैली. मी विजेचे खांब सोडले, तारा सोडल्या, गुरं सोडली, विहीरसुद्धा सोडली. उरला समुद्राचा एक राखाडी पट्टा, चिकूची काळपट गोल झाडं, आमच्या घराचा पांढरा चौकोन आणि धुकं. आजोबा मोतीबिंदूच्या डोळ्यांनी ते बराच वेळ बघायचे.

"मला तर असंच दिसतं," ते म्हणायचे. "तुला एवढं शिकायला लागलं?"

नंतर नंतर त्यांनी बघायचं सोडलं. मी मात्र डोळे बारीक करून काढत राहिले, कारण डोळे उघडे ठेवून त्या खाटेकडे बघवत नव्हतं.

तेराव्याला आलेल्यांना त्या चित्रात एकच खोट दिसली. "त्रिकोणी माणसं नाय काढलीस? डहाणूकडची ना तू?" हे मला चार जणांनी विचारलं. आमच्याकडे हातात ब्रश धरला की वारली चित्रंच यायला हवीत, अशी पाहुण्यांची समजूत आहे. मी चौघांकडे बघून हसले. इंग्रजी शाळेने मला एवढं नक्की शिकवलं आहे.

पण आत्याला दुसरीच खोट सापडली होती, आणि ती सापडायला नको होती. विनूकाका पप्पांचा धाकटा भाऊ. वाडीच्या दुसऱ्या टोकाला त्याचं घर. कुंपणाच्या चार खांबांवरून दोघे दोन वर्षं बोलत नव्हते. आजोबांच्या आजारपणात दवाखान्याच्या एका बाकावर बसून बसून बोलायला लागले, तेही औषधं आणि चहा एवढंच. आज पहिल्यांदा शेजारी शेजारी जेवायला बसले होते. आईने सकाळीच मला बजावलं होतं, "आज विनूभाऊजी पोटभर जेवून उठले की सुटलो. तेराव्याच्या पानावरून उठून गेलेला माणूस परत उंबऱ्यात येत नाय."

काकाने पहिला घास हातात घेतला होता. तो त्याने पानात ठेवला आणि चित्राकडे पाहिलं.

"आमचं घर नाय यात," तो म्हणाला. "तुमचं आहे."

"अरे, लांबून काढलंय ते," पप्पा म्हणाले.

"लांबून तुमचं दिसतं, आमचं नाय दिसत?"

काकू उमरगावची. चिडली की गुजरातीत शिरते. ती उठून चित्राजवळ गेली, हार बाजूला केला आणि बोटाने मोजलं. "एक, बे, त्रण. अमारा घरनी जग्या पर चिकू लगाव्या छे."

पडवीत वाढपी थांबला. घर नसणं एक वेळ चाललं असतं. घराच्या जागी तीन चिकू, तेही चांगले बहरलेले, म्हणजे त्यामागे विचार दिसतो.

पप्पांना वाटलं, आजोबांचं नाव घेतलं की सगळे निवळतील. "विनू, अण्णांनी स्वतः बघितलं होतं हे चित्र. चांगलं म्हणाले."

आईने डोळे मिटले.

"म्हणजे अण्णांना दाखवून केलंत," काका म्हणाला. "वाटणी करून टाकलीत. वर रंगवून पण घेतलीत."

"खाली सही पण आहे," आत्या म्हणाली. (होती. माझीच. तारखेसकट.)

"कसली वाटणी? पोरीने चित्र काढलंय."

"पोर कुणाची आहे?"

पप्पांचे कान लाल झाले. ते माझ्याकडे वळले. मी हातात पाण्याचा जग घेऊन दारात उभी होते आणि तिथे असल्याचं कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून प्रयत्न करत होते. "तूच सांग गं. काकाचं घर का नाय काढलंस?"

सगळी पडवी माझ्याकडे बघायला लागली. घाबरले की मला मराठी आठवत नाही, आणि जे इंग्रजी आठवतं ते व्हिडिओतल्या बाईचं असतं.

"ते... कॉम्पोझिशनमध्ये बसत नव्हतं," मी म्हणाले.

आयुष्यात मी जी थोडी वाक्यं चारचौघांत बोलले आहे, त्यातलं हे सगळ्यात महागाचं.

"बघा," काका म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "पोरीने खरं सांगितलं. आम्ही तुमच्यात बसत नाय."

त्याने तळहात जमिनीवर टेकला. गुडघा वर आला. काकूने पदर खोचला. पप्पा पानाकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा मी ओळखला. आजोबांना आत नेलं तेव्हा दवाखान्याच्या बाकावर तो असाच झाला होता. त्या दिवशी त्यांच्या खांद्यावर काकाचा हात होता.

काकाच्या घराला बाहेरून जिना आहे. खालून सरळ जातो, मध्येच वळतो आणि अर्धवट राहिलेल्या मजल्यावर संपतो. त्याबद्दल मी कुणाला काही सांगितलं नव्हतं. घर सोडलं ती माझी शैलीच, असं मी स्वतःलाही सांगत होते.

"काका, मला जिना काढता येत नाही."

"काय?"

"तुमचा जिना. पाच वेळा काढला. एकदा बाजाच्या पेटीसारखा आला, एकदा फणीसारखा. शेवटी घरच खोडलं. तिथे काळा डाग पडला, म्हणून वर झाडं काढली."

काका गुडघा वर करून तसाच थांबला. मग त्याने पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं, बाजार करायला आलेला माणूस भाजीकडे बघतो तसं.

"विहीर कुठाय?"

"गोल येत नव्हती."

"आणि गुरं?"

"पाय जमत नाहीत."

"अण्णांची खाट? ती तर अंगणात असायची कायम."

"ती..." मी म्हणाले. "ती पण नाही जमली."

पप्पांनी नाक पुसलं. मग काकाचा गुडघा सावकाश खाली आला. त्याने भातावरचं वरण बोटांनी कालवायला घेतलं आणि मान वर न करता, सगळ्या पडवीसमोर, मला विचारलं, "मग पोरी, तुला येतं तरी काय?"

मी जग खाली ठेवला.

"लांबची गोल झाडं येतात, काका. आणि धुकं."